पुढे वाकणारा गुडघा

"संग्या, डोकं धर की, मानेतनं निघंल!"

"धरलंय न्हवं. तूच पाय ओढायलीस."

अनुजा आणि संगमेश दोघं मिळून आबांना काचेच्या कपाटातून बाहेर काढत होते. आबा म्हणजे प्रयोगशाळेतला सांगाडा. प्लास्टिकचा, पुरा माणसाएवढा, लोखंडी स्टँडला अडकवलेला. कुणीतरी कधीतरी त्याला आबा म्हटलं आणि तेव्हापासून अख्खी शाळा आबाच म्हणायची. संगमेशची धाकटी बहीण शांभवी स्टुलावर उभी राहून सूचना देत होती, कारण तेवढंच काम तिला दिलं होतं.

१९९८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. सुट्टी संपली की विज्ञान प्रदर्शन होतं आणि सातवीतल्या या दोघांनी विषय घेतला होता 'आपले सांधे'. कल्पना अनुजाची. शांभवी रोज मल्लखांबाला जायची आणि तिच्या अंगात हाडं आहेत का रबर, हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. तेव्हा शांभवी एकेक हालचाल करून दाखवणार, शेजारी आबा तीच हालचाल करणार, आणि कातडीच्या आत काय चाललंय ते लोकांना बाहेर दिसणार. आहे की नाही भारी?

"पहिला गुडघा," अनुजा वही उघडत म्हणाली. "बिजागरीचा सांधा. दारासारखा, एकाच अंगाला उघडतो. शांभे, पाय मागं घे."

शांभवीने स्टुलावरच एका पायावर उभं राहून दुसरी टाच मागे पाठीला लावली. अनुजाने आबांचा डावा पाय धरला आणि मागे ढकलला. हलला नाही. जोर लावला, तरी नाही. मग तिचा हात घसरला, आणि पाय सटकन पुढे गेला. सरळ पुढे, पोटाकडे, बगळ्यासारखा.

तिघंही बघतच राहिले.

"उजवा बघ," संगमेश म्हणाला. उजवा पाय शहाण्यासारखा मागे वाकला.

"आता हात बघतो मी," अनुजा म्हणाली. (कोल्हापुरात मुलीही 'मी बघतो, मी जातो' असंच म्हणतात, त्यात काही विशेष नाही.) खांद्याचा सांधा उखळीचा. उखळात मुसळाचं टोक बसावं तसं दंडाच्या हाडाचं गोल टोक खांद्याच्या खोबणीत बसतं, म्हणून हात पुढे, मागे, बाजूला, गोल, कसाही फिरतो. शांभवीने पंख्यासारखे दोन्ही हात फिरवून दाखवले. आबांचा उजवा हात मात्र फक्त पुढे आणि मागे गेला. बाजूला उचलायला गेलं की कट्ट करून अडायचा.

संगमेशने आबांची मान जरा डावीकडे वळवली. तर डोकं डावीकडे गेलं, पाठीमागे गेलं, उजवीकडून आलं आणि परत पुढे येऊन थांबलं.

"आबांनी भिंत बघून घेतली," शांभवी म्हणाली.

संगमेशला हसू आवरेना, आणि नेमकं त्याच वेळी दारात मोठे सर उभे राहिले. त्यांच्यामागे ज्ञानूकाका. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक; सुट्टीतही रोज अकराला शाळेत येणारे. ज्ञानूकाका म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. सत्तावीस वर्षं या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. कुठल्या बरणीत काय आहे ते त्यांना चिठ्ठी न वाचता माहीत असायचं.

"काय मोडलं?" सरांनी विचारलं.

"आम्ही न्हाय सर," अनुजा म्हणाली, आणि तिने गुडघा, खांदा, मान, सगळं दाखवलं. उत्साहाच्या भरात जरा जास्तच नीट दाखवलं. हे तिला नंतर फार लागलं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून बोल्ट जवळून पाहिले. "तुमचं काम नव्हे हे. बोल्टवर धूळ बसलीय, दोन-तीन महिन्यांची तरी." मग ते वळले. "ज्ञानू, किल्ली कुणाजवळ असते?"

"माझ्याजवळ, सर."

"मग?"

"मी आबांना कपाटाच्या भायेरनंच पुसतो, सर. आत हात लावत न्हाय."

"पडला असेल हातून. पडतं एखाद्या वेळी. पण मला सांगायचं सोडून कुणाकडून तरी गुपचूप जोडून घेतलास, हे बरं नाही."

सरांनी हात पुढे केला. काकांनी कमरेची किल्ली सोडली. गाठ सुटायला वेळ लागला, इतकी जुनी गाठ होती ती.

"उद्यापासून फाटकावर बस. शनिवारी सर्व्हिस बुकात शेरा लिहावा लागेल मला," सर म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सर्व्हिस बुक म्हणजे नोकरीची सगळी हकिगत लिहिलेली वही. काकांच्या त्या वहीत सत्तावीस वर्षांत लाल शाईचा एक ठिपका नव्हता, आणि मार्चमध्ये ते रिटायर होणार होते.

तो गुरुवार होता.

सर आणि काका गेल्यावर अनुजा बाकावर बसली. "माझ्यामुळं झालं. मीच दाखवलं सगळं."

"रडत बसू नको," संगमेश म्हणाला. तो आबांच्या खांद्यात बोट घालून वास घेत होता. "हे काय हाय सांग?"

बोटाला पिवळट चिकट काहीतरी लागलं होतं.

"तूप?" शांभवीने विचारलं.

"तुझं डोकं. ग्रीस हाय." संगमेशच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, उद्यमनगरात नटबोल्टचं दुकान होतं, त्यामुळे या बाबतीत त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. "आणि बोल्ट बघ. एका नटावर दुसरा नट. चेकनट म्हणतात. मशीन थरथरलं तरी सुटाय नको म्हणून घालतात. आबा कुठं थरथरणारेत?"

"म्हणजे मशीनवाल्यानं जोडलाय," अनुजा हळूच म्हणाली. तिचं रडणं तिथेच थांबलं. "काकांना येईल असलं काम?"

"काकांना सायकलची चेन बसवाय येत न्हाय. आमच्या दुकानात घेऊन येतात."

शांभवी स्टुलावरून उतरून आबांच्या पायाशी बसली होती. "हितं टिंबं हायत," ती म्हणाली.

मांडीच्या हाडावर, गुडघ्याच्या जरा वर, तीन बारीक खड्डे होते. त्रिकोणात. खालच्या हाडावरही तसेच तीन. खांद्यावर, दंडावर, मानेवर, सगळीकडे तेच. अनुजाने ते वहीत जसेच्या तसे काढून घेतले.

"तुला दिसलं न्हाय ते मला दिसलं," शांभवी दादाला म्हणाली.

संगमेशने तिच्या डोक्यावर टिचकी मारली. "कवटीतले सांधे हालत न्हाईत, लिहून घे अनुजा. हिच्या तर आतलंबी काय हालत न्हाय."

"तुझं बघ की आधी!"

दुपारी तिघं दोन सायकलींवर उद्यमनगरात पोचले. एका सायकलवर अनुजा, दुसरीवर संगमेश आणि मागे शांभवी. दोन्ही बाजूंनी लेथचा आवाज येत होता आणि रस्त्यात लोखंडाचा कीस चमकत होता. ईरप्पाकाका, म्हणजे संगमेशचे अप्पा, दुकानात वॉशर मोजत बसले होते.

"काका, ही खूण कुणाची?" अनुजाने वही पुढे केली.

काकांनी एका नजरेत ओळखलं. "बाळासो फिटर. मशीन खोलायच्या आधी प्रत्येक पार्टवर पंच मारून खूण करतात बघ, कुठला कुठं बसतो ते चुकू नये म्हणून. कोण एक टिंब मारतो, कोण रेघ. तीन टिंबं त्रिकोणात मारणारा बाळासोच. कुठल्या मशीनवर बघितलं?"

"आबांवर," शांभवी म्हणाली.

"कुठली कंपनी ती?"

उत्तर द्यायला कुणी थांबलंच नाही.

बाळासो फिटरचं शेड दोन गल्ल्या पुढे होतं. दार सताड उघडं. आणि दारातच दोन पैलवान एकमेकांसमोर वाकून उभे! शांभवी दचकून दादाच्या मागे गेली. मग कळलं, ते प्लास्टरचे होते. गणपतीत पेठेतल्या एका मंडळाने कुस्तीचा हलता देखावा केला होता, तेच हे.

"या पावणं," बाळासोमामा आतून म्हणाले. ते फडक्याला हात पुसत आले. बुटका माणूस, कानावर पेन्सिल.

संगमेश सरळ "तुम्हीच आमचा सांगाडा" असं म्हणणार होता. अनुजाने त्याच्या पायावर पाय दिला. चोरी केलीत का म्हणून विचारलं तर कुणी हो म्हणतं का? पण काम भारी झालंय म्हटलं, की फिटर माणूस सगळं सांगतो.

"मामा, हे तुम्ही केलं? हालवून दाखवा की."

मामांनी बटण दाबलं. खालून मोटार घुर्र झाली. डावीकडच्या पैलवानाने हात उचलला, बाजूला नेला, गोल फिरवला आणि फाडकन मांडीवर शड्डू ठोकला. अगदी तालमीतल्यासारखा.

"खांदा कसला फिरतोय," अनुजा म्हणाली. या वेळी ती मनापासून म्हणाली.

मामांचा चेहरा खुलला. "तिथंच तर चार रात्री गेल्या माझ्या. तालमीत बसून बसून पैलवान बघितले, पण कातडीच्या आत काय फिरतंय ते दिसंना. कोपर सोपं हाय, बिजागरी टाकली की झालं. खांद्याला बिजागरी टाकली तर पैलवान शड्डू ठोकंना, सलाम ठोकाय लागला. मग शाळेतनं सांगाडा आणला, खोलला, आणि बघतोय तर काय, वाटीत गोळा! देवानं आधीच डिझाईन करून ठेवलंय."

"आणि परत जोडला?"

"मग? माणूस असो नाहीतर मशीन, खोललेलं तसंच देत न्हाय आपण. ग्रीसबी लावून दिलं."

"मामा," अनुजा म्हणाली, "डावा गुडघा पुढं वाकतोय त्याचा."

बाळासोमामा आधी हसले. मग थांबले. हवेतच दोन्ही हातांनी काहीतरी उलटंपालटं करून पाहिलं. "टेबलावर पालथा घातलता त्याला," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि डाव्या गुडघ्याची बिजागरी मी उताण्याची बसवली. मग चहा आला. चहा पिऊन आलो, तवर पोरांनी उताणा केलता. टिंबाला टिंब जुळलं, म्हटलं बरोबर हाय." त्यांनी कपाळाला हात लावला. "मशीनला पोट आणि पाठ नसती गं."

"आणि खांदा?"

"मूळची स्प्रिंग ताणून गेलती बघता बघता. हात नुसता लोंबायला लागला. लोंबता पार्ट माझ्या शेडातनं भायेर जात न्हाय. बोल्ट टाकून टाईट केला."

"ढिला न्हवता मामा तो. मोकळा होता," शांभवी म्हणाली आणि तिने हात गोल फिरवून दाखवला.

मामांनी तिला तो परत एकदा फिरवायला लावला.

"पण तुम्हाला दिला कुणी?" संगमेशने अखेर विचारलंच.

"तुमच्या मोठ्या सरांनी. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्यासमोर फोन लावला. 'सर, दोन दिवस सांगाडा पायजे होता.' सर म्हणाले, 'न्या की, त्यात काय विचारायचं!' आम्ही ऑफिसात सरांचं नाव सांगितलं, बोर्डावरची दुसरी किल्ली घेतली. शिपाई न्हवता. कृष्णेला पूर आलता, शिरोळकडं गावात अडकलाय म्हणाले."

परत येताना संगमेश सायकल हातात धरून चालत होता. काका पुरात अडकले होते म्हणजे त्यांचा हात नव्हता, हे कळलं होतं. पण मग मोठे सर? स्वतःच सांगाडा दिला आणि काकांवर ढकलला?

"सर खोटं बोलत्यात?" शांभवीने विचारलं.

"गप गं," अनुजा म्हणाली. तिला पहिलीत असताना सरांनी स्वतः घरी नेऊन सोडलं होतं, ताप आला होता तेव्हा. त्या सरांना समोर उभं राहून 'तुम्ही खोटं बोललात' कसं म्हणायचं? आणि नाही म्हणायचं तर शनिवारी लाल शेरा.

शुक्रवारी सकाळी ती शाळेत आली. काकांना काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण घरी बसवत नव्हतं. संगमेश आणि शांभवी आधीच फाटकाशी होते. फाटकावरचं स्टूल मात्र रिकामं.

काका शाळेच्या मागे होते. तिथे भिंतीला टेकून लोखंडी पाईपांचा एक मोठा ढीग उभा होता आणि त्यावर घेवड्याचा वेल असा पसरला होता, की पाईप दिसत नव्हते. काका शेंगा तोडत होते.

"घ्या पोरांनो, घरी न्या. कवळा हाय," ते म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं. मग म्हणाले, "फाटकावर काय काम नसतंय. हाताला सवय न्हाय बसायची."

अनुजाने फ्रॉकच्या ओच्यात शेंगा घेतल्या. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "काका, हे पाईप कसले?"

"गॅदरिंगच्या स्टेजचा सांगाडा की."

अनुजाच्या ओच्यातल्या शेंगा खाली पडल्या.

"कसला?"

"सांगाडा. ह्यो उभा करायचा, वर फळ्या टाकायच्या, कनात लावायची. मंडळंबी मागून नेतात कधी मांडवाला."

"काका, हा वेल कधी लावला?"

"आषाढात."

"आणि मधी, गणपतीच्या आधी, सांगाडा कुणी न्हेलता?"

"न्हेला असता तर घेवडा ऱ्हायला असता व्हय?"

अनुजाने संगमेशकडे पाहिलं. संगमेशने वेलाकडे पाहिलं. मग दोघं एकदम हसायलाच लागले आणि शांभवी "काय झालं, मलाबी सांगा की" म्हणत त्यांच्याभोवती फिरत राहिली.

शनिवारी अकरा वाजता मोठ्या सरांच्या टेबलावर सर्व्हिस बुक उघडं होतं. शेजारी लाल पेन. काका दाराशी उभे. सरांनी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात "आत येऊ का सर?" करून तीन मुलं आत आली, आणि त्यांच्यामागे, कानावर पेन्सिल आणि हातात पान्ह्यांची पिशवी घेतलेला एक बुटका माणूस.

अनुजाने रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. "सर, गणपतीच्या आधी मंडळाचा फोन आला होता का तुम्हाला?"

"आला होता. सांगाडा मागत होते. दिला मी. त्याचं काय आता?"

काकांनी चमकून मान वर केली.

"तो परत आला का, ते बघाय याल सर? मागंच हाय."

सरांना हे काय चाललंय ते कळेना, पण ते उठले. कुतूहल असलेल्या मुलांना नाही म्हणायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. सगळी वरात शाळेच्या मागे गेली. सरांनी पाईपांकडे पाहिलं. वेल पाईपांना चार-चार वेढे घालून बसला होता, खालपासून वरपर्यंत.

"हा आषाढातला वेल, सर," अनुजा म्हणाली.

"म्हणजे नेलाच नाही त्यांनी?"

"ह्यो?" बाळासोमामा पुढे झाले. "ह्यो कशाला आमाला? मांडव आमचा हाय. आमाला माणसाचा पायजे होता, सर. खांदा बघायला."

सरांनी पाईपांकडे, मग मामांकडे, मग वर प्रयोगशाळेच्या खिडकीकडे पाहिलं. "सांगाडा म्हटलं," ते हळू म्हणाले, "आणि मला हाच आठवला."

"आणि आमाला त्यो," मामा म्हणाले. "मोडतोड माझी हाय, सर. ह्यांनी आबांना हातबी लावलेला न्हाय. ते तर पुरात होते."

सर ज्ञानूकाकांसमोर जाऊन उभे राहिले.

"ज्ञानोबा, तू त्या दिवशी का बोलला नाहीस?"

"बोललो की, सर. हात लावला न्हाय म्हटलं. त्याच्या म्होरं काय बोलणार?"

"खरं आहे. तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. चुकलं माझं." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलांच्या, फिटरच्या, सगळ्यांच्या देखत ती काकांच्या हातात ठेवली. मग अनुजाकडे वळून म्हणाले, "मी तुम्हाला सांधे शिकवतो, आणि तुम्ही मला आज शब्द शिकवलात. सरळ येऊन माझ्याशी भांडला असतात तर मी ऐकलं नसतं कदाचित. शाबास!"

"टिंबं मी शोधली," शांभवी म्हणाली.

"मग तुला डबल शाबास."

दुपारी प्रयोगशाळेत आबांचं ऑपरेशन झालं. मामा पान्हा चालवत होते आणि शांभवी शेजारी उभी राहून हातपाय हलवत होती. गुडघा सुलटा झाला. मानेत जोडताना राहून गेलेली अडणी बसली. खांद्यातला बोल्ट निघाला, ईरप्पाकाकांनी दिलेली नवी स्प्रिंग बसली, आणि आबांचा हात पंख्यासारखा गोल फिरला. "आता ह्याला आखाड्यात उतरवलं तरी चालंल," मामा म्हणाले. टाईट करायला त्यांचा हात दोनदा पुढे गेला, आणि दोन्ही वेळा शांभवीने तो मागे ढकलला.

सरांनी ते उघडलेलं लाल पेन वाया घालवलं नाही. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो ऑफिसातल्या किल्ल्यांच्या बोर्डावर चिकटवला: 'सांगाडा मागताना कोणता, ते सांगावे.'

अंधारून यायच्या आत सगळे बाहेर पडले. अनुजाची वही जवळजवळ भरली होती. फक्त खिळीच्या सांध्यापुढे, जो एका खिळीभोवती फिरावा तसा फिरतो, तिथे पुस्तकात दिलेली 'मान' सोडून दुसरं उदाहरण तिला सुचलं नव्हतं.

ज्ञानूकाकांनी दार ओढून घेतलं. किल्ली कुलपात घातली. कोपर जागेवर, दंड जागेवर. नुसतं कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड हाडाभोवती फिरलं, आणि तळहात वर होता तो खाली झाला. खट्ट.

"काका," अनुजा म्हणाली, "परत एकदा करा की."

"काय?"

"कुलूप."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, हसले, कुलूप उघडलं आणि पुन्हा लावलं. मग किल्ली कमरेला बांधली. नवी गाठ होती, पण पहिल्या झटक्यात बसली.